पोपटाच्या हुकावर पिसांचं जाळं

कोयनानगरात वाढलेलं माणूस कुठेही ओळखू येतं. कुणाच्या घरी गेलं की बसायच्या आधी ते वर बघतं. छताला काय टांगलंय, दिवा आहे की पंखा, तो हलतोय की गप्प आहे, हे पाहून झालं की मगच त्याच्या घशाखाली चहा उतरतो. मी अजून तसंच करते. लग्नानंतर सासरी गेले तेव्हा सासूबाईंना वाटलं, सूनबाई जळमटं शोधतेय. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळं घर झाडून काढलं आणि पुढे बरेच दिवस माझ्याशी तुटक वागल्या. त्यांना काय सांगणार? आमच्या कॉलनीत जमीन अधूनमधून हलायची. मोठा भूकंप आमच्या जन्माच्या कितीतरी आधी होऊन गेला होता, पण लहान धक्के बसतच असत. आधी मांडणीतली ताटं किणकिणायची, मग जमिनीच्या पोटातून ट्रक गेल्यासारखा घरघराट, आणि तुम्ही चपला शोधेपर्यंत सगळं संपलेलं. बरेचसे धक्के इतके किरकोळ असायचे की सकाळी नळावर बायकांचा वाद व्हायचा. एक म्हणायची बसला, दुसरी म्हणायची कुठं बसला, तुला वात झालाय. मग निकाल लावायला प्रत्येक घरात काहीतरी टांगलेलं असायचं. शेजारच्या सुतारकाकूंकडे देवळातली जुनी घंटा होती. आमच्याकडे पोपट होता.

हा पोपट लाकडी, मुठीएवढा, पण वजनाला चांगला जड. माझ्या पाळण्यावरचं खेळणं ते. मी पाळण्यातून उतरले तशी आईनं त्याला बारीक दोरी बांधून खोलीच्या मधोमध, पलंगाच्या बरोबर वर, वाशाच्या हुकाला लटकवून टाकला. सगळ्या क्वार्टरमध्ये तेवढा एकच हुक. खिडकीतून वारा येऊ दे, दार आपटू दे, टेबलफॅन फिरू दे, पोपट ढिम्म. जमीन हलली तरच तो हलायचा, तोही सावकाश. त्यामुळे घरात काही खुट्ट झालं की आईची मान आधी वर जायची. पोपट गप्प असला की ती म्हणायची, "न्हाई, काय न्हाई," आणि पुन्हा पिठात हात घालायची.

आई माधवनगरची. सांगलीला लागून असलेलं हे गाव यंत्रमागांचं. तिच्या माहेरी भिंतीच्या अलीकडे घर आणि पलीकडे माग. खडाक-खट, खडाक-खट हा आवाज ऐकत ती जन्मली, त्याच आवाजात शाळेचा अभ्यास केला आणि त्याच आवाजात झोपली. "माग चालू असला की आमी झोपायचो आन् बंद पडला की जागं व्हायचो," असं ती सांगायची. अशा बाईला लग्न करून आणलं कुठं, तर कोयनेच्या घाटात, जिथं दिवे मालवले की रातकिड्यांशिवाय काही ऐकू येत नाही. त्या शांततेत ती कान टवकारून पडायची. पलंगावरून एक हात खाली सोडून तळवा फरशीला टेकवून ठेवायची, जमिनीत काही कळतंय का बघायला. बरीच वर्षं तिनं तशीच काढली. पण मी सहावीत होते त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, तिची झोप पारच उडाली. मग दिवसा ती कुठेही पेंगायची. तव्यावरची नाचणीची भाकरी काळी ठिक्कर व्हायची, आमटीत मीठ दोनदा पडायचं, आणि मी काही बोलले की माझ्या पाठीत धपाटा. मीही काही गरीब गाय नव्हते. माझा राग नाकावर असायचा, अजून असतो. आम्हा दोघींच्या भांडणानं पप्पा हैराण झाले होते.

पप्पा पाटणकडचे. वीजघरात पाळीनं कामाला जायचे. बोलणं कमी, आणि जे बोलतील तेही जेवता जेवता, ताटाकडे बघून. त्या थंडीत एकदा करपलेल्या भाकरीचा काळा पापुद्रा सोलता सोलता ते म्हणाले, "परीक्षा झाली की दोघी माधवनगरला जावा. तिथंच प्राजीची शाळा बघू. मी येत जाईन सुट्टीला."

"आन् तुमी एकटं इथं ऱ्हाणार?" आईनं विचारलं.

"मग काय करू? बदली काय माझ्या हातात हाय का? तू अशीच जागत ऱ्हायलीस तर एक दिवस तव्यावर पडशील."

आईनं त्यांच्या ताटात आमटी वाढली. मला माधवनगर नको होतं. माझी शाळा इथं होती, मैत्रीण वैशाली इथं होती, नदी इथं होती, उन्हाळ्यात करवंदं आणि फणस इथं होते. आणि मुख्य म्हणजे मला असं अर्धं घर इथं, अर्धं घर तिथं, हे नको होतं. आईला झोप लागली असती तर सगळा प्रश्न मिटत होता. एवढी साधी गोष्ट, झोप. कुत्र्यामांजरांनाही येते. तिलाच का येऊ नये, याचा मला भयंकर राग यायचा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मोहितेबाईंनी कार्यानुभवाच्या तासाला ड्रीमकॅचर काढलं. आधीच्या वर्षापर्यंत आम्ही आईस्क्रीमच्या काड्यांची घरं नाहीतर लोकरीची तोरणं करायचो. पण बाईंनी मोबाईल घेतला होता आणि त्यावर त्यांना रोज काहीतरी नवीन सापडायचं. वर्गातल्या सगळ्यांना त्यांनी टेबलाभोवती गोळा केलं आणि व्हिडिओ लावला. गोऱ्या हातांची एक बाई, तोंड कुठेच दिसत नाही, नुसते हात, एका कड्यात दोऱ्याचं जाळं विणतेय. मध्ये मणी, खाली पिसं. "हे अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचं आहे," बाई म्हणाल्या. "पलंगाच्या वर टांगायचं. वाईट स्वप्नं जाळ्यात अडकतात, चांगली पिसांवरून खाली उतरतात आणि माणूस शांत झोपतो." बाकीच्यांनी कंटाळून जांभया दिल्या. मी मात्र शेवटचं वाक्य पकडून बसले. आईला स्वप्नं पडत होती की नाही मला माहीत नव्हतं. झोपच नाही तर स्वप्नं कुठली? पण तेवढा विचार करायचं ते वय नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं झालं.

व्हिडिओतल्या बाईनं ते जाळं चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात केलं होतं. माझे त्यापायी नाकी नऊ आले. आधी कडं. ओल्या निरगुडीची काडी वाकवून मी झकास गोल बांधला. दोन दिवसांत ती वाळली आणि गोलाचा झाला आंबा. विणलेलं सगळं जाळं एका बाजूला लोंबायला लागलं. मग बांगडी घेतली, ती फारच लहान. शेवटी आईनं टाकून दिलेल्या पिठाच्या चाळणीची जाळी उचकटली आणि तिचं स्टीलचं कडं घेतलं. ते गुळगुळीत. एक वेढा घट्ट करावा तर आधीचे चार वेढे घसरत जाऊन एका ठिकाणी गर्दी करून उभे. मग त्याच्यावर जुन्या साडीची किनार गुंडाळली. दोरा म्हणून आनंदामामानं माधवनगरहून दिलेला सुताचा कोन, म्हणजे मागावरचं मोठं रीळ, होता घरात, मोठ्या ऐटीत तो काढला. एकेरी सूत ते, जरा ओढलं की तुटलं. जाळं अर्ध्यावर आलं की तुटायचं, तेही मधूनच. मी कडं भिंतीवर फेकून मारलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आगं गोधडीचा दोरा घे की. सूत कापडाला असतंय, असल्या ताणाताणीला न्हाई." तिचं बरोबर होतं म्हणून मला आणखी राग आला. तरी दुसऱ्या दिवशी गुपचूप गोधडीचाच दोरा घेतला.

पिसांची तर वेगळीच कथा. शाळेच्या मागं कावळ्याची काळीभोर सुंदर पिसं पडलेली असायची, ती मी वहीत घालून आणली. आईनं ती बघितली मात्र, केरसुणीच घेऊन उभी राहिली. "कावळ्याचं पीस घरात? पित्रांना बोलावतीस व्हय गं? टाक आदी भायेर!" मग सुतारकाकूंच्या कोंबड्यांची पांढरी पिसं गोळा केली. तीही अशीच घरात घ्यायची नाहीत, धुऊन घ्यायची, आणि धुवायची ती हळदीच्या पाण्यात, म्हणजे रोगराई येत नाही. मी ओरडेपर्यंत आईनं पातेल्यात हळद टाकली होती. पांढरीशुभ्र पिसं पिवळी होऊन बाहेर आली. मी रडले. आई म्हणाली, "चांगली दिसत्यात की. नवरीवानी." मी त्या पातेल्याला लाथ मारली आणि पुन्हा धपाटा खाल्ला. आज असल्या वस्तू लोक घरबसल्या मागवतात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या येतात, आणि मला त्या हातात घेतल्या की उगाचच कुणाला तरी चार शब्द सुनवावेसे वाटतात.

बाईंनी मला 'ब' श्रेणी दिली. जाळं ढिलं आहे म्हणाल्या, आणि पिसं पिवळी का केलीस? श्रेणीसाठी मी ते केलंच नव्हतं. घरी आणून पलंगावर चढले आणि वर बघितलं, तर एकुलत्या हुकाला पोपट. आईला विचारायचं धाडस होईना. आईनंच माझ्या हातातलं ते बघितलं. बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं. मी तिला सांगितलं, हे तुझ्यासाठी आहे, ह्यानं झोप लागते. तिचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. एवढे दिवस मी हिच्यावर खेकसत होते आणि ती माझ्यावर, आणि मी हे तिच्यासाठी करत होते हे तिला तेव्हा कळलं. ती पलंगावर चढली, तिनं स्वतःच्या हातानं पोपट सोडला आणि माझं जाळं हुकाला बांधलं. वर आणखी, चारच दिवसांनी वैशालीच्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं, तर नव्या कुंचीबरोबर तो पोपट देऊन टाकला. "आता आमाला काय करायचाय? आमच्या प्राजीनं केलंय की झोपायचं जाळं," असं तिथं सगळ्या बायकांना सांगितलंन्. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

आनंद फार टिकला नाही. कारण हे जाळं गप्प राहीना. पोपट जड होता, जाळं हलकं. त्यात खाली पिसं. खिडकीच्या फटीतून वाऱ्याची झुळूक आली की पिसं भिरभिरायची. कुणी दार उघडलं की भिरभिरायची. आईनं पलंगावर कूस बदलली तरी भिरभिरायची. आणि आईची मान आपली सवयीनं वर. पूर्वी तिला वर बघून उत्तर मिळायचं. आता वर बघितलं की शंका. हलतंय. कशानं हलतंय? वाऱ्यानं का जमिनीनं? मग तळवा फरशीला लाव, मग मांडणीतल्या ताटांकडे कान लाव. आधी ती मधूनमधून जागायची, आता तिचा डोळ्याला डोळा लागेना. मी जाळ्याला खाली नटबोल्ट बांधून बघितले, तर ढिलं जाळं खालच्या ओढीनं निसटायला लागलं. दोऱ्यानं दोन बाजूंनी ताणून बघितलं, तर ते डासाच्या पंखासारखं थरथरायचं. काढून टाकते म्हटलं तर आई काढू देईना. "ऱ्हाऊ दे. तू केलंयस," एवढंच. पोपट परत आणावा तर पाळण्याला दिलेलं खेळणं परत मागायचं कसं? बाळाला अपशकुन. असल्या चक्रात आम्ही अडकलो होतो आणि परीक्षा जवळ येत होती.

त्यातच चैत्रातलं हळदीकुंकू आलं. खरं तर आमच्यात चैत्रगौरीचं एवढं काही नसतं, पण कॉलनीत सगळ्या जणी करायच्या, म्हणून आईनंही सुरू केलं होतं. सकाळपासून तिनं हरभऱ्याची डाळ वाटली, कैरी किसली, वर खमंग फोडणी दिली. घरभर हिंगाचा आणि कैरीचा वास. दुपारी बायका आल्या, पलंगावर, सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या. उकाडा मरणाचा. सुतारकाकू म्हणाल्या, "आगं, तो पंखा जरा इकडं फिरव की," आणि माझ्या हाताची वाट न बघता त्यांनीच कपाटावरचा टेबलफॅन फिरवून मोठ्यावर केला. त्याच वेळी आई पन्ह्याचं पातेलं घेऊन आतून आली. सवयीप्रमाणे वर बघितलंन्. वर माझं जाळं उडत होतं, अक्षरशः आडवं होऊन उडत होतं, पिवळी पिसं गोल गोल फिरत होती. आईच्या हातून पातेलं सुटलं. फरशीवर ते असं आदळलं की त्याचाच धक्का बसावा. "धक्का! पळा! भायेर पळा!"

आणि बायका पळाल्या. कोयनानगरात 'धक्का' म्हटल्यावर कोण विचारत बसतं? हातात डाळीच्या वाट्या, ओटीतले हरभरे सगळीकडे सांडलेले, पन्ह्यात पाय भरलेले, अशा सगळ्या अंगणात. मोहितेबाईही आल्या होत्या, त्यांची नवी साडी पार चिकट झाली. मग सगळ्या उभ्या राहिल्या. समोरच्या ओळीतली माणसं आपापल्या दारातून आमच्याकडे बघत होती. "तुमच्याकडं बसला का?" काकूंनी ओरडून विचारलं. "काय बसला?" तिकडून उत्तर. मग काकू आत डोकावल्या. पंखा घरघरत होता आणि वर जाळं उडत होतं. त्यांना हसू आवरेना. "आवं, ह्या पिसांनी पळवलं व्हय आपल्याला! वैनी, तुमच्या घरात भूकंप नवा आलाय, कोंबडीचा!" सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या. कॉलनीत असल्या फजित्या नेहमीच्या, दुसऱ्या दिवशी विसरायच्या. पण मी आईकडे बघितलं. ती अंगणाच्या कडेला पन्ह्यानं भिजलेला पदर पिळत उभी होती आणि ती हसत नव्हती. त्या क्षणी मला त्या बायकांचा, सुतारकाकूंचा, त्या व्हिडिओतल्या बिनतोंडाच्या बाईचा, सगळ्यांचा संताप आला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही माझ्याच हातानं. संध्याकाळी फरशी पुसता पुसता आई पप्पांना म्हणाली, "परीक्षा झाली की जातो आमी. माझ्यानं न्हाई व्हायचं आता." पप्पा म्हणाले, "बरं."

निघताना मी जाळं काढायला गेले तर पप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. जाग्यावर."

माधवनगरला मामानं आम्हाला मागांच्या भिंतीलगतची खोली दिली. आईची लग्नाआधीची खोली ती. मामा खूश होता. "आता बघ ताई कशी झोपती. ह्या आवाजावर ती वाढली. पयल्याच रात्री घोरंल." मामीनं सांगलीचं भडंग, वर कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची पातळ भाकरी, असं सगळं आईच्या आवडीचं केलं. भिंतीपलीकडे माग चालू होते, खडाक-खट, खडाक-खट, पिण्याच्या पाण्याचा तांब्या त्या तालावर थरथरत होता. इथं तो थरथरला तरी कुणी वर बघत नव्हतं. मी कानांत कापूस घालून पडले. मामाच्याच मागाखाली साचलेला कापूस. आणि सकाळी उठून बघते तर आई भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल.

ती झोपलीच नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही. मामानं डोक्याला हात लावला. मी तर कपाळच बडवून घ्यायची बाकी होते. म्हणजे शाळा सोडायची, वैशालीला सोडायचं, पप्पांना त्या रिकाम्या क्वार्टरमध्ये टाकून यायचं, आणि एवढं करून हिला इथंही झोप नाही! मी तिच्यावर ओरडले. "आता काय झालं तुला? इथं तर जमीन हलत नाही!" आई म्हणाली, "इथं न्हाई हलत." रागाच्या भरात मला त्याचा अर्थ कळला नाही.

कळलं ते नंतर. एका संध्याकाळी जेवणं लवकर आटोपली होती. आई मामाचा मोबाईल घेऊन अंगणात गेली. मामी भांडी घासत होती, मी पायरीवर बसले होते. मागांच्या आवाजात फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं, त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू येत होतं, आणि पप्पाही तिकडून ओरडतच असल्यामुळे त्यांचंही.

"जेवलासा का?"

"व्हय."

"काय केलंतं?"

"पिठलं."

मग आई म्हणाली, "हलतंय का?"

मग पप्पा म्हणाले, "न्हाई. काय हलत न्हाई. झोप तू."

"बरं," आई म्हणाली. आत आली, अंथरूण घातलंन्, आडवी झाली आणि त्या खडाक-खटमध्ये झोपून गेली. मामीच्या हातून एक भांडं पडलं तरी जागी झाली नाही. पुढं रोज हेच. जेवलासा का, काय केलंतं, हलतंय का, न्हाई, बरं. आणि झोप. मामा लोकांना सांगत सुटला की शेवटी माहेरच्या मागांनीच ताईला बरं केलं.

मी मात्र आतल्या आत धुमसत होते. कारण ते जाळं मी केलं होतं. ते किती ढिलं होतं, किती हलकं होतं, मला माहीत होतं. ते हलत नाही असं कधी झालंच नव्हतं. आणि त्या उकाड्यात पप्पांना टेबलफॅन लावल्याशिवाय झोपणं शक्य नाही. म्हणजे ते रोज फोनवर धडधडीत खोटं बोलत होते. मला खोट्याची चीड नव्हती, लहान मुलं काही हरिश्चंद्र नसतात. मला चीड होती ती अशी, की मी एवढी राबून, एवढी रडून केलेली वस्तू काम करत नव्हती, आणि पप्पांचा एक शब्द, तोही खोटा, काम करत होता. एक दिवस मला राहवलं नाही. आई निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, "पप्पा तुला फसवतात. ते जाळं सारखं हलतं. आत्ता पण हलत असेल."

आईनं मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला.

"मला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "त्या पिसांनी माजी झोप नासवली, आन् ती हलत्यात का न्हाई ते मला तू सांगतीस?"

"मग रोज विचारतेस कशाला?"

"ते 'न्हाई' म्हणत्यात, म्हंजी माणूस जाग्यावर हाय. जेवलाय. पंखा लावून पडलाय. छप्पर डोक्यावर हाय." तिनं सूप पाखडलं. "तेवढंच ऐकायचं असतंय गं. दुसरं काय?"

आजही मी कुणाला फोन केला आणि पलीकडून 'मजेत आहे' असं ऐकलं की तांदळाचं ते सूप आठवतं. आईनं पुढचे दोन-तीन खडे वेचले आणि मग अगदी साध्या आवाजात, बाजाराला जाऊ म्हणावं तशी म्हणाली, "माणूस तिथं आन् कान इथं, असं किती दिस चालायचं? शाळा सुरू व्हायच्या आत जाऊया आपण." मामा खूप रागावला. इथं चांगली झोपतेस की, कशाला आगीतून फुफाट्यात? आईनं त्याला काही समजावलं नाही. बॅग भरली, भडंगाच्या दोन मोठ्या पिशव्या घेतल्या आणि आम्ही सांगलीहून एसटीत बसलो. घाटाच्या वळणांवर मला उलट्या झाल्या आणि आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. त्या वळणांवर उलटी करतानाही मला आनंदच होत होता.

पप्पांनी क्वार्टर जमेल तसं झाडून ठेवलं होतं. संध्याकाळी पिठलं-भाकरी खाल्ली, भाकरी पप्पांचीच, जाड आणि एका बाजूनं कच्ची, पण तिघांनी मिळून संपवली. आई पलंगावर आडवी झाली. पप्पा शेजारी खुर्चीत पेपर धरून बसले. टेबलफॅन चालू होता. मी सतरंजीवर पडून वर बघत होते आणि जाळं हलत होतं, नेहमीसारखंच. आईनंही वर बघितलं. मग हातभर अंतरावर बसलेल्या पप्पांना तिनं विचारलं, "आवं, हलतंय का?"

पप्पांनी पेपरातून मान वर केली नाही. "न्हाई," ते म्हणाले.

"बरं," म्हणून आईनं भिंतीकडे तोंड केलं. फरशीकडे सोडायचा तो हात त्या दिवशी उशाखाली होता. वर माझी पिवळी पिसं वाऱ्यावर गरगरत होती. पप्पांनी पेपराचं पान उलटलं, तोवर आई झोपली होती.